ज्वारीच्या पिठात लपवलेली मोहनमाळ

अंगात येणं, भानामती, करणी, लिंबू-मिरची... यातलं काही एक मी आयुष्यात मानलं नाही. आमच्या लातूरच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्या समोर बसून शेंगा फोडून खायचे. ती घुमता घुमता माझ्याकडं डोळे वटारून बघायची, मी तिला दाणे पुढं करायचे. देवीला मात्र जाते. लहानपणापासून जाते म्हणून जाते, त्याच्यापुढं विचार कधी केला नाही. आता अशा बाईनं अमानवीय अनुभव लिहायला बसावं म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या.

पण परवा या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की फिरायला गेल्यावर लॉजच्या रूममध्ये दागिने कुठं ठेवावेत? खाली ढीगभर सल्ले. कुणी म्हणे मोज्यात, कुणी म्हणे रूमच्या लॉकरमध्ये, एका ताईनं तर शाम्पूची बाटली मधून कापून आत अंगठ्या ठेवल्याचा फोटोच टाकला! हसता हसता ठसका लागला मला. आणि मग हसू गेलं. कारण या विषयात मी एके काळी फार पोहोचलेली होते. म्हणून एका बोटानं टाइप करून राहिले. चुका पोटात घाला.

तर ही गोष्ट माझ्या महेशच्या लग्नानंतरची. तेव्हा मी अगदीच अल्लड होते – अठ्ठावन्न वर्षांची. आणि स्वतःला लई हुशार समजायचे. प्रवासात सोनं सांभाळायचं माझं एक शास्त्रच होतं म्हणा ना. लॉजवाल्याच्या कुलपावर भरवसा ठेवायचा नाही, आपलं कुलूप घरून न्यायचं. चावी ब्लाउजच्या आत सेफ्टी पिननं टोचून ठेवायची. आणि सोनं ठेवायचं ते खाण्याच्या जिनसात, कारण चोर बॅग उचकतो, डबा उघडून बघत नाही. एकदा नांदेडला भाचीच्या लग्नात माझ्या कुड्या मी धपाट्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या. आमच्या ह्यांनी सकाळी धपाटं खाल्लं आणि कुडी नेमकी त्यांच्या दाढेखाली आली. दाढ हलली ती हललीच, पण कुडी शाबूत राहिली. मी तर त्याला यशच धरलं होतं.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुठं ठेवलं ते कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही.

आमची कुलदेवी माहूरची. लग्न झालं की नव्या जोडप्यानं पहिलं तिथं जायचं, सुनेनं नटूनथटून देवीची ओटी भरायची, ही आमच्या घरची रीत. सासूबाईंची एक मोहनमाळ होती. मी नवी नवरी होते तेव्हा ती घालून गड चढले, माझ्या आधी सासूबाई चढल्या. आता ती सून अश्विनीच्या गळ्यात घालून तिला गडावर न्यायची हे मी महेश शाळेत असल्यापासून ठरवून ठेवलेलं. पण आमचे हे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, सगळ्यात आधी धोका दिसतो त्यांना. निघायच्या आदल्या दिवशी फर्मान सुटलं.

"हे बघ, सोनंनाणं काही घ्यायचं न्हाई. देवीला आपलं सोनं दाखवायला चाललो का आपण?"

"हाव," म्हणलं, "न्हाई घेत."

आणि घेतली. लाल बटव्यात घालून, कमरेला खोचून. अश्विनीलासुद्धा सांगितलं नाही. म्हणलं, गडाच्या पायथ्याशी एकदम काढायची आणि हिच्या गळ्यात घालायची, हे बघतच राहतील, देवीपुढं ओरडता तर येणार नाही. हा माझा बेत.

जीप ठरवली होती. आमच्याच गल्लीतल्या खाजाभाईंची. अहमदपूर, लोहा करत नांदेडला चहा घेतला, तिथून पुढं हदगावचा रस्ता. माझ्या मांडीवर एक कडीचा स्टीलचा डबा. त्यात ज्वारीचं पीठ. ते कशाला, तर माहूरला आराधिणी जोगवा मागतात, त्यांच्या परडीत पीठ-मीठ घालायचं असतं. आमच्यात असा नेम आहे की दारात आलेली परडी रिकामी पाठवायची नाही. अश्विनीला मी हळद उतरायच्या आधीच हे पढवून ठेवलं होतं. खाजाभाई आरशातून बघून म्हणाले, "काकू, डब्यात काय नातू हाय का? मांडीवरून खाली ठिवा की!"

"आधी सून तर रुळू द्या खाजाभाई," म्हणलं, "मग नातवाचं बघू." अश्विनी लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. बिलोलीकडची मुलगी. कमी बोलायची, पण बोलली की सरळ बोलायची. मला पहिल्या दिवसापासून आवडली होती ती. खरं सांगते.

माहूरला पोहोचलो ते उशिरा. गावातल्याच एका लॉजवर खोल्या घेतल्या. एकीत बापलेक, एकीत आम्ही सासूसुना. वरच्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाची आमची खोली. एक दार, एक गजाची खिडकी, मागं मोरी. बस्स. दाराची आतली कडी मोडलेली होती. मी लॉजवाल्याचं कुलूप त्याला परत केलं आणि माझं घरचं कुलूप काढून बाहेरच्या कडीला अडकवलं. तो म्हणाला, "काकू, आमच्या कुलपाला काय झालं?" म्हणलं, "त्याला काही न्हाई झालं बाबा, त्याच्या दुसऱ्या चावीची मला भीती वाटते."

सकाळी उठून बघते तर अश्विनी भिंतीला टेकून तोंड एवढंसं करून बसलेली. तिला अडचण आली होती. आता गडावर जायचं नाही, ओटी नाही, काही नाही. तिच्यापेक्षा मलाच रडू यायला लागलं... इतक्या वर्षांचा माझा बेत! हे आणि महेश म्हणाले, आलोच आहोत तर आपण तिघं दर्शन घेऊन येऊ, हिला पुढच्या वेळी आणू. अश्विनीपण म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी बसते. फक्त आई, बाहेरून कुलूप लावून जा. आतून लागत न्हाई दार, मला भ्या वाटतंय. मोबाईल हाय माझ्याजवळ."

आता प्रश्न बटव्याचा आला. कमरेला खोचून गडावर न्यावा तर ही गर्दी, धक्काबुक्की, त्यात माकडं. सुनेच्या हाती द्यावा तर ती एकटी. आणि दिला की मग तिला कळलं, तिला कळलं की महेशला कळलं, महेशला कळलं की ह्यांना. माझं डोकं धावलं! अश्विनी मोरीत होती तेवढ्यात मी डब्याची कडी काढली, बटवा पार तळाला खुपसला, वर पीठ सारखं केलं, तळहातानं थापलं, डबा कोपऱ्यात ठेवला. इतकी खूश झाले मी स्वतःवर की जिना उतरताना गाणं गुणगुणत होते. बावळट बाई! आत सून, आत सोनं, दोन्हीवर एकच कुलूप, आणि चावी माझ्या छातीशी. त्या दिवशी माझ्याएवढं निर्धास्त अख्ख्या माहुरात कुणी नव्हतं.

दर्शन झालं. डोळे मिटले तरी मला देवीच्या जागी तो डबाच दिसत होता, ते जाऊ द्या.

दुपारी परत आलो. हे आणि महेश खाली खाजाभाईंबरोबर चहाला थांबले, मी एकटीच वर गेले. कुलूप जसंच्या तसं. मी ते ओढून बघितलं, सवयच आहे मला. मग चावी काढून उघडलं. अश्विनी खाटेवर मांडी घालून शांत बसलेली. कोपरापर्यंत हात पिठानं पांढरे.

"काय गं हे?"

"आराधीण आली होती आई. परडी भरली."

मला आधी काही कळलंच नाही. म्हणलं, "खिडकीतून दिलंस का?"

"न्हाई. आत आली होती की. दार लोटून."

"अगं, दाराला कुलूप होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, झोपेतून जागं होताना होतो तसा. "हाव की," म्हणाली. "तुम्ही कुलूप लावल्याचा आवाज मी ऐकला होता. पण ती आली तेव्हा मला काही वाटलंच न्हाई. आता तुम्ही विचारलं तेव्हा वाटून राहिलं..."

"कशी होती दिसायला?"

"कवड्यांची माळ, मळवट. वय म्हणाल तर तुमच्याएवढी. न्हाई, माझ्याएवढी. मला सांगता येईना आई. मी म्हणलं मावशी, मला अडचण हाय, मी शिवत न्हाई. तर म्हणली, मला तुझीच ओंजळ पाहिजे. मी ओंजळ घातली तर म्हणली, समदं दे. तुम्हीच सांगितलं होतं ना, परडी रिकामी पाठवायची न्हाई म्हणून? मी डबा उलटा केला. पार खाली."

मी आधी कोपऱ्याकडं धावले. डबा तिथंच होता. कडी लावलेली. उचलला तर जड! जीवात जीव आला. म्हणलं, पोरगी झोपली असेल, स्वप्न बघितलं असेल. कडी काढली... डबा गळ्यापर्यंत भरलेला. वरून सारखं केलेलं पीठ. हसायलाच आलं मला. हात घातला आणि हसू तिथंच थांबलं.

ते माझं पीठ नव्हतं.

आता हे तुम्हाला कसं पटवून द्यावं? ज्यांनी जन्मभर भाकरी थापल्या त्यांना कळेल. माझं पीठ गल्लीतल्या गिरणीचं, बारीक, थंडगार. हे भरड होतं, बोटाला कोंडा लागत होता आणि कोमट होतं. जात्यावरून आत्ता उतरल्यासारखं. माझ्या आईकडं जातं होतं, त्या पिठात मी लहानपणी हात घालायचे, तसंच अगदी. मी सगळा डबा पेपरवर ओतला. चाळलं, पसरलं. बटवा नाही. माळ नाही. अश्विनी म्हणाली, "आई, काय शोधून राहिलात?"

आणि मी सांगून टाकलं. तिथं जिभेला आवर घालायला पाहिजे होता, तर नेमका तिथं घातला नाही. "अगं, त्यात मोहनमाळ होती! तुझ्यासाठी आणली होती! तू उलटी केलीस तिच्या परडीत!"

ती रडली नाही. नुसती पांढरी पडली. हातावरचं पीठ आणि तोंड, एकच रंग.

मी तशीच जिन्यावरून खाली पळाले. लॉजवाल्याला विचारलं, आराधीण आली होती का वर? तो म्हणाला, "काकू, जिना माझ्या टेबलापुढनं जातो. सकाळधरनं तुमच्याशिवाय कुणी चढलं न्हाई, कुणी उतरलं न्हाई. काही गेलं का? चौकीत सांगायचं का?"

चौकी म्हणल्यावर माझं डोकं जरा ताळ्यावर आलं. काय सांगणार होते मी चौकीत? दाराला कुलूप होतं. कुलूप माझं. चावी माझ्या ब्लाउजमध्ये. आत माझी नवी सून एकटी, आणि सोनं गेलं. पहिला प्रश्न कुणाला विचारतील? आमच्या ह्यांना सांगावं, तर हे पण तिथंच येणार. महेशपण, आज ना उद्या. लग्नाचा मांडव निघाला होता, पण त्याचे खड्डे अजून बुजले नव्हते आमच्या दारातले. माळ गेली म्हणणं म्हणजे अश्विनीनं घेतली म्हणणं. तिसरं वाक्यच होत नव्हतं त्यात. मी त्या जिन्यावर उभी होते, आणि खरं सांगते, मला काही म्हणजे काहीच करता येत नव्हतं.

लॉजवाल्याला म्हणलं, "काही न्हाई गेलं बाबा. सहज विचारलं."

जीपमध्ये बसताना ह्यांनी विचारलंच. त्यांचा माझ्यावर कधी विश्वास नव्हता. "काय गं, चोरून सोनंबिनं तर आणलं नव्हतंस?"

"तुम्हीच न्हाई म्हणला होतात ना? मोहनमाळ घरी कपाटात आहे. चोरकप्प्यात."

अश्विनीनं माझा हात घट्ट धरला. नांदेड येईपर्यंत सोडला नाही. ते पीठ मी माहूरलाच एका गाईपुढं ओतलं होतं. तेवढा एक पुरावा होता माझ्याजवळ, तो पण गाईनं खाल्ला.

त्यानंतरचे महिने... कसे सांगू. वरून सगळं चांगलं. आम्ही दोघी एकमेकींना धरून होतो, शेजारणी म्हणायच्या काय गोडी आहे सासूसुनांची. आतून पोरगी वाळून चालली होती. जेवताना घास हातात तसाच राहायचा. एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, माझ्या पाटल्या मोडू. तशीच माळ करून घेऊ सराफाकडून. कुणाला कळणार न्हाई." तिच्या आईनं तिला घातलेल्या पाटल्या. म्हणलं, "थांब जरा, बघू." काय बघणार होते मी? रोज ह्यांची पाठ वळली की मी माझ्या लोखंडी कपाटातला तो चोरकप्पा उघडायचे. त्याची चावी एकच, तीपण माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. का उघडायचे, विचारू नका. आत डांबरगोळ्या, बाकी काही नाही. हात घालून कोपरे चाचपायचे. डांबरगोळ्याच.

आणि मग पंचमी आली. आमच्याकडं लग्नानंतरची पहिली पंचमी मुलीनं माहेरी करायची. झोका, मेंदी, मैत्रिणी, बापानं न्यायला यायचं. मुलगी वर्षभर त्याची वाट बघते. अश्विनीच्या आईचा, म्हणजे आमच्या विहिणीचा, फोन आला. "येताना ती मोहनमाळ घालून पाठवा हो. लग्नाच्या फोटोत तुमच्या गळ्यात दिसली नुसती, भावकीतल्या बायकांना बघायचीय." अश्विनीनं फोनवर हाव म्हणलं, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठली नाही. ताप आला म्हणाली. ताप नव्हता, मी हात लावून बघितला. तिचे वडील बिलोलीहून न्यायला आले, साडी आणली होती, बांगड्या आणल्या होत्या. दारातून लेकीकडं बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. बिचारा माणूस पाणी प्यायला, थोडा वेळ टोपी हातात घेऊन बसला आणि एकटाच परत गेला. मी पडद्यामागं उभी होते. बाहेर यायची हिंमत झाली नाही.

पहिली पंचमी पुन्हा येत नाही.

दिवस गेल्याचं कळलं आणि घर जरा हसलं. पण मला पुढचं दिसत होतं. डोहाळजेवण. ते टाळता येत नाही, त्याला बायका घरी येतात. आल्या. बिलोलीहून विहीणबाई, त्यांच्या जावा. गल्लीतल्या झाडून सगळ्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हॉलमध्ये पाट मांडलेला. आणि विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आज तरी काढा ती माळ विहीणबाई! जपून जपून देवालाच दाखवायची का?" सगळ्या हसल्या. आमचे हे पण दारातून म्हणाले, "काढ की गं, कपाटात काय अंडी घालणार हाय का ती?"

म्हणलं, "काढते की."

मी आणि अश्विनी आतल्या खोलीत गेलो. दार लोटलं. मी मनाशी ठरवलं होतं की कप्पा उघडायचा आणि बोंब ठोकायची, घरात चोरी झाली म्हणून. अश्विनीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला ते कळलं. हळूच म्हणाली, "न्हाई आई. घरात चोरी म्हणलं की कामवाल्या बाईवर जाईल. मी बाहेर जाते आणि खरं सांगते. माझ्या हातून गेली म्हणून सांगते. जे व्हायचं ते होऊ दे." पोटात सातव्या महिन्याचं लेकरू, अंगावर फुलं, आणि ही बोलायला निघालेली. मी तिचा दंड धरला. म्हणलं, थांब, आधी मी कप्पा तरी उघडते, बाहेर आवाज ऐकू जाऊ दे. चावी फिरवली.

लाल बटवा होता आत.

आदल्या संध्याकाळी मी हात घालून चाचपलं होतं. काही नव्हतं. आता बटवा. मी तो उचलला, नाडी ओढली आणि माळ माझ्या हातावर उतरली. सगळी. एक मणी कमी नाही. मी बटवा उलटा करून झटकला, मणी न् मणी निरखला... पिठाचा एक कण नाही. असता तर किती बरं झालं असतं! कुणाला दाखवायला तरी झाला असता.

त्या क्षणी मात्र मला यातलं काही सुचलं नाही. मी येड्यासारखी हसत होते, रडत होते. "अगं बघ! अगं अश्विनी, बघ ना!"

तिनं माळेकडं बघितलं. मग कपाटाकडं. मग माझ्याकडं, आणि तिथंच बघत राहिली.

"घरीच होती?" म्हणाली.

"अगं न्हाई! डब्यात होती, मी माझ्या हातानं..."

"मी तर डब्यात बघितलीच न्हाई कधी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुम्ही सांगितलं म्हणून मला माहीत." आणि मग, डोळ्यांत पाणी नाही, राग नाही, काही नाही, एवढंच म्हणाली, "आई, माझ्या पंचमीच्या आधी तरी सांगायचं होतं."

बाहेरून हाका येत होत्या. माझ्या हातातून तिनं माळ घेतली, स्वतःच गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन पाटावर बसली. बायकांनी गाणी म्हणली. विहीणबाईंनी माझी ओटी भरली. अश्विनी हसत होती, सगळ्यांशी बोलत होती. माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होती.

त्या रात्रीपासून आजपर्यंत मी तिला किती परीनं सांगितलं असेल! पोटच्या लेकराची शपथ घेतली, देवीची घेतली. तिचं एकच उत्तर. "हाव आई. असेल." तिच्या जागी बसून विचार केला तर तिचं काय चुकलं सांगा? माळ आणलेली तिनं बघितली नाही. ह्यांनी बघितली नाही, त्यांना तर मीच नाही आणली म्हणून सांगितलेलं. कुणाला सांगायचं नाही हा माझा मोठा नियम ना? साक्षीदार म्हणून मी एकटी, आणि कप्प्याची चावी माझ्याच गळ्यात. तिला वाटतं सासूनं नव्या सुनेची परीक्षा घेतली. आणि मग महिनोन्महिने तिला वाळताना बघत बसली. बाप एकटा परत जाताना बघत बसली.

तुमच्यापैकी कुणी लिहील की काकू, तुम्ही माळ घरीच विसरला असाल. लिहा. मी स्वतःला तेपण सांगून बघितलं, मला सोपंच पडलं असतं ते. मग कमरेला टोचत होतं ते काय, पिठात खुपसलं ते काय? कुणी म्हणेल सून झोपली होती. मग ते भरड पीठ कुणी दळलं? एकानं सगळं जुळतं म्हणावं तर दुसरं निसटतं. मी सोडून दिलंय जुळवणं.

आता माझी नात चौथीला आहे. अश्विनीनं माझं काही म्हणजे काही कमी केलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रंदिवस उशाशी होती. थट्टामस्करी करते, माझ्या टाइप करायच्या बोटाला हसते. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "आई, आता तरी खरं सांगा की. मी रागावणार न्हाई. इतकी वर्षं झाली."

मी म्हणलं, "तू सांग आधी. दार खरंच उघडं होतं का गं?"

"हाव," ती म्हणाली. लगेच. काडी हातात तशीच धरून. "उघडं होतं आई. ती आत आली, माझ्यापुढं बसली. देवाशपथ."

"मला पटतं," मी म्हणलं. आणि पटतं मला. माहूरला त्या दिवशी मनातून पटलं नव्हतं, आज पटतं. "मग माळपण डब्यात होती. मी ठेवली होती. माझा विश्वास आहे तुझ्या दारावर, तू माझ्या डब्यावर ठेव."

तिनं मेथीची पानं एकीकडं केली, काड्या एकीकडं. मग उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असेल आई," म्हणाली, आणि दूध बघायला आत गेली.